शेजारचे वैर : ग्रीक नगरराज्ये आणि दख्खनच्या पाच शाह्या

प्राचीन ग्रीसचा इतिहास वाचताना दख्खनच्या वाचकाला हा देश आपल्या ओळखीचा आहे, असे वारंवार वाटत राहते. अथेन्स, स्पार्टा, थीब्ज, कॉरिंथ ही नगरे एकमेकांपासून काही दिवसांच्या वाटेवर वसलेली. भाषा एक, देव एक, डेल्फीचा कौल सर्वांना मान्य आणि ऑलिंपियाच्या क्रीडा सर्वांच्या. तरीही या नगरांनी आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे एकमेकांच्या शेतातली उभी पिके जाळण्यात घालवली. इराणच्या बादशहाने इ. स. पूर्व ४८० मध्ये स्वारी केली तेव्हा त्यांतली एकतीस राज्ये एकत्र आली. सालामिसच्या समुद्रात आणि पुढच्या वर्षी प्लाटियाच्या मैदानात त्यांनी इराणी बळाचा पराभव केला. विजयानंतर लुटीच्या द्रव्यातून सर्पाकृती कांस्यस्तंभ घडवून त्यावर एकतिसांची नावे कोरली व तो डेल्फीला उभारला. पुढे इ. स. पूर्व ४३१ ते ४०४ या काळात त्याच राज्यांनी अथेन्सच्या आणि स्पार्टाच्या बाजूने विभागून एकमेकांचा सर्वनाश आरंभला. ज्या प्लाटियाच्या मैदानात सर्वांचा विजय झाला होता, ते नगर इ. स. पूर्व ४२७ मध्ये स्पार्टाने घेतले आणि शरण आलेल्या रक्षकांना ठार केले. विजयाला तेव्हा अवघी बावन्न वर्षे लोटली होती.

आपल्या दख्खनचा सोळाव्या आणि सतराव्या शतकांचा इतिहास याच जातीचा आहे. दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचावेत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्रीक शिपाई आणि दख्खनी शिपाई यांच्या जगण्यात साम्य कोठे आहे, भेद कोठे आहे, आणि शेजाऱ्यांचे वैर इतके चिवट का असते, हा त्यातला मुख्य प्रश्न. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तो परका वाटू नये. परांडा, नळदुर्ग, कल्याणी, बीदर, रायचूर, दौलताबाद ही या वैराची ठाणी, आणि ही सर्व नावे जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नकाशातून आपल्या घरात रुळलेली आहेत.

एका अंगणातली पाच घरे

बहमनी राज्य इ. स. १३४७ मध्ये गुलबर्ग्यास स्थापन झाले आणि पुढे त्याची राजधानी बीदरला आली. इ. स. १४८१ मध्ये कर्तबगार वजीर महमूद गावान याचा दरबारी कारस्थानात वध झाला आणि राज्याची घडी विस्कटली. १४९० च्या सुमारास अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि वऱ्हाडातील एलिचपूरची इमादशाही स्वतंत्रपणे वागू लागल्या. बीदरला बरीद घराण्याने सत्ता बळकावली, आणि १५१८ च्या सुमारास सुलतान कुली याने गोवळकोंड्यास कुत्बशाही उभी केली. (अहमदनगरची निजामशाही आणि पुढचे हैदराबादचे निजाम यांचा परस्परांशी संबंध नाही, हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.)

ही पाचही घरे एकाच वाड्याची वाटणी होऊन निघालेली. दरबारची रीत एक, दफ्तराची पद्धत एक, किल्ले बांधणारे गवंडी आणि तोफा ओतणारे कारागीरही बहुधा एकाच परंपरेतले. वाटणीत भिंत कोठे घालायची यावरून भाऊबंदांत तंटा पडावा, तसा सोलापूर, कल्याणी, परांडा आणि कृष्णा–तुंगभद्रेमधील रायचूर दुआब यांवरून तंटा पडला आणि तो कधी मिटला नाही. विजापूरहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या अंतरावरच्या एका किल्ल्यासाठी तीन पिढ्या लढल्या.

या तंट्यात कोण कोणाचा मित्र हे दर चार वर्षांनी बदलत असे. गोवळकोंड्याचा इब्राहीम कुत्बशाह हा राज्यावर येण्यापूर्वी, भावाच्या भीतीने, सुमारे सात वर्षे विजयनगरच्या आश्रयाला होता. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाने १५५८ नंतर विजयनगरच्या रामरायाशी सख्य जोडले आणि दोघांच्या फौजांनी अहमदनगरचा मुलूख तुडवला. पुढे रामरायाचे बळ सर्वांनाच डोईजड झाले, तेव्हा मांडणी फिरली. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली गेली, आणि ज्या सोलापुरासाठी इतके रक्त सांडले होते ते आंदणात गेले. जानेवारी १५६५ मध्ये अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर या चौघांनी कृष्णेच्या दक्षिणेस रामरायाचा पराभव करून त्याला ठार केले. यालाच आपण तालिकोटची लढाई म्हणतो. वऱ्हाड या संघातही आले नाही.

तालिकोट हे दख्खनच्या शाह्यांचे प्लाटिया. फरक इतकाच की, ग्रीकांनी दूरच्या आक्रमकाला परतवले, आणि इथे चौघांनी मिळून पाचवा शेजारी मोडला. विजयानंतरचे वर्तन मात्र सारखेच. थोड्याच वर्षांत अहमदनगर आणि विजापूर पुन्हा एकमेकांच्या अंगावर गेले. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड गिळले. १६१९ मध्ये आदिलशाहीने बीदर घेतले. १५८० च्या सुमारास निजामशाही आणि कुत्बशाही फौजांनी विजापूरच्या राज्यात शिरून प्रथम नळदुर्गास व नंतर खुद्द राजधानीस वेढा घातला. त्या वेळी विजापुरात बाल राजाची पालक म्हणून चांदबिबी होती. जिच्या लग्नाने दोन्ही घरे जोडली गेली होती, तिलाच माहेरच्या तोफांपासून सासरचा तट राखावा लागला.

शिपायाचे जगणे

राजांचा हा खेळ ज्यांच्या बळावर चालला, त्या शिपायाकडे आता वळू. ग्रीसमध्ये शिपाई आणि नागरिक हे दोन वेगळे पुरुष नव्हते. अथेन्सचा जड पायदळातला शिपाई स्वतःची ढाल, भाला आणि शिरस्त्राण स्वतःच्या पैशाने घेई. ज्याची ऐपत कमी, तो गलबताची वल्ही मारी; एका मोठ्या युद्धनौकेवर असे एकशे सत्तर वल्हेकरी लागत. युद्ध पुकारायचे की नाही हे सभेत हात वर करून तेच ठरवत. स्पार्टाची रीत याहून कठोर होती. तिथे मुलगा सातव्या वर्षी आईपासून दूर होऊन सामुदायिक शिक्षणात जाई, तरुणपणी पंक्तीच्या भोजनगटात दाखल होई आणि साठीपर्यंत सैनिकच राही. त्याची शेती हेलॉट नावाचे बंदे कसत. त्यांच्या बंडाच्या धाकानेच मालक जन्मभर हत्यारबंद असे.

दख्खनच्या मराठी शिपायाचे जगणे यांतल्या पहिल्या रीतीला जवळचे होते. शिलेदार हा स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून किंवा सरदाराकडून मिळे. घोडा मेला तर शिलेदाराचे भांडवल बुडाले, म्हणून लढाईत तो जिवाइतकेच घोड्याला जपे. वाईट घोडा दाखवून चांगल्याचा पगार खाऊ नये म्हणून घोड्यांना डाग देत आणि हजिरी घेत. सरदाराला पथकाच्या खर्चासाठी मोकासा मिळे, म्हणजे ठरावीक गावांचा वसूल. मोकासा दरबारच्या मर्जीवर असे. देशमुखी, पाटीलकी ही वतने मात्र वंशपरंपरेची, आणि शिपायाचा जीव खरा त्यांतच गुंतलेला.

लढाईचे वेळापत्रक दोन्हीकडे पिकांनी ठरवले. ग्रीक फौजा वसंतात व उन्हाळ्यात निघत आणि शेतीच्या कामाला परतत. आपल्याकडे पाऊस सरून नद्या उतरल्या की स्वारी सुरू होई. पुन्हा आभाळ भरून आले की फौज छावणीत जाई किंवा घरचा रस्ता धरी. तालिकोटची लढाई जानेवारीत झाली हा योगायोग नव्हे, कारण तोवर कृष्णेला उतार मिळतो.

दरबारांनाही या शिपायाची गरज पटत गेली. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (राज्यकाल १५३४ ते १५५८) परदेशी सरदारांना कमी करून दख्खनी लोकांना चाकरीत घेतले आणि हिशेबाचे दफ्तर फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, असे इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. हा फिरिश्ता स्वतः याच प्रवाहातला माणूस. तो निजामशाहीच्या चाकरीत होता. १५८९ मध्ये अहमदनगर सोडून विजापुरास आला आणि तिथे त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला.

सिंदखेडचे जाधव, वेरूळचे भोसले, फलटणचे निंबाळकर, मुधोळचे घोरपडे, म्हसवडचे माने, जावळीचे मोरे ही घराणी अशीच वर आली. यांच्यापैकी कित्येकांनी एकाहून अधिक दरबारांची चाकरी केली. शहाजीराजांचेच उदाहरण घ्यावे. ते निजामशाहीतून आदिलशाहीत गेले, पुन्हा निजामशाहीत आले, मग मोगलांची मनसब घेतली, ती सोडून पेमगिरीवर निजामशाहीचा बाल वारस बसवला, आणि १६३६ मध्ये ते राज्य संपल्यावर कायमचे आदिलशाहीत गेले. आजच्या दृष्टीने याला कोणी फितुरी म्हणेल. त्या काळी मात्र ज्याचे मीठ खावे त्याची लढाई प्रामाणिकपणे लढावी आणि अपमान झाल्यास, किंवा वतनास धोका आल्यास, दुसरा दरबार पाहावा, हा रिवाज होता. त्यामागे कटू अनुभवही होता. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यास गेलेल्या लखुजी जाधवरावांची आणि त्यांच्या मुलांची निजामशहाने हत्या करविली. ज्या चाकरीत जिवाची हमी नाही, तिथे एकनिष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

इथेच ग्रीक आणि दख्खनी शिपायातला मूळ भेद दिसतो. अथेन्सचा शिपाई नगर सोडून गेला तर तो कोणीच उरत नसे. त्याचे मत, त्याची जमीन, त्याचे देव सगळे त्या तटाच्या आत. दख्खनच्या शिपायाला दरबारात मत नव्हते, पण त्याला निवड होती. एक दार बंद झाले तर शंभर मैलांवर दुसरे उघडे असे. ही निवड पाच राज्ये परस्परांच्या वैरात होती म्हणूनच होती. राजांना वैरासाठी शिपाई हवा होता आणि शिपायाला पोटासाठी वैर हवे होते. या शाह्यांचे भांडण मिटत का नाही, याचे उत्तर केवळ सुलतानांच्या स्वभावात शोधू नये. ते हजारो घरांच्या चुलीतही होते. पुढच्या काळात ग्रीसमध्येही हेच झाले. सत्तावीस वर्षांच्या युद्धाने शेती उजाडली, नांगर सुटलेले हात भाडोत्री झाले, आणि इ. स. पूर्व ४०१ मध्ये दहा हजारांहून अधिक ग्रीक शिपाई एका इराणी राजपुत्राच्या पगारावर त्याच्या भावाविरुद्ध लढायला गेले.

परक्याला आवतण

शेजाऱ्यांच्या वैराचा शेवट बहुधा तिसऱ्याच्या हातून होतो, आणि त्या तिसऱ्याला घरातलाच कोणी दार उघडून देतो. ग्रीक नगरांत प्रत्येक ठिकाणी दोन पक्ष होते. एक अथेन्सकडे पाही, दुसरा स्पार्टाकडे. अखेरीस स्पार्टाने इराणच्या पैशावर आरमार बांधले आणि अथेन्सला गुडघे टेकायला लावले.

दख्खनच्या दरबारांतही दख्खनी, आफाकी आणि हबशी असे पक्ष होते. १५९५ मध्ये अहमदनगरला वारसाचा तंटा पेटला तेव्हा मियाँ मंजू या सरदाराने हबशी पक्षाला शह देण्यासाठी अकबराचा पुत्र मुराद याला मदतीस बोलावले. मोगल फौज तटाशी येऊन उभी राहिली तेव्हा या आवतणाचा अर्थ त्याला उमगला. चांदबिबीने तट लढवला आणि १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन शहर वाचवले. मग दख्खनला जाग आली. १५९७ मध्ये विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या एकत्र फौजा सुहैलखानाच्या हाताखाली गोदावरीकाठी सोनपेठजवळ मोगलांशी भिडल्या आणि हरल्या. १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच लोकांकडून मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला पडला.

यानंतर मलिक अंबराने निजामशाही सावरली. गनिमी काव्याच्या लढाईत मराठी शिलेदार तरबेज झाला तो बराचसा त्याच्या हाताखाली. तरीही १६२४ मध्ये, नगरजवळच्या भातवडीच्या रणात, त्याच्यासमोर मोगलांच्या बरोबरीने उभी होती ती विजापूरची फौज. अंबर जिंकला, शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी तिथे पडले. १६३६ मध्ये शहाजहानने निजामशाही बुडवली तेव्हा तिचा मुलूख मोगल आणि आदिलशाही यांनी वाटून घेतला, आणि कुत्बशहाने खंडणी मान्य केली. शेजाऱ्याच्या पडक्या घराचे वासे आपल्या घराला लावून घेतले, पण दोन्ही घरांमधली भिंत गेली हे विजापूरच्या ध्यानात आले नाही.

या सगळ्या घालमेलीची साक्ष विजापूरच्या तटावर आजही पडून आहे. मलिक-ए-मैदान ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ महंमद बिन हुसेन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. ती तालिकोटच्या लढाईत होती असे सांगतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती; १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. एका शेजाऱ्याने दुसऱ्याच्या धाकासाठी केलेली तोफ दुसऱ्याच्या बुरुजावर चढली, आणि १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला.

भागानगरातील एक विचार

वैराचे हे वर्तुळ कोणाच्या ध्यानात आलेच नाही, असे नाही. १६७७ च्या प्रारंभी शिवाजीमहाराज भागानगरास, म्हणजे आपल्या या हैदराबादेस आले. अबुल हसन कुत्बशहा, त्याचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा यांच्याशी बोलणी होऊन कर्नाटकच्या स्वारीचा करार ठरला. याच सुमारास महाराजांनी मुधोळच्या मालोजी घोरपड्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. विजापूरचा कारभार तेव्हा बहलोलखान पठाणाच्या हाती गेला होता. पठाणांच्या हाती दख्खनची पातशाही जाऊ नये, ती दख्खनच्या माणसांच्या हाती राहावी, त्यासाठी आपण सर्वांनी आणि कुत्बशहाने एक व्हावे, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे पत्र कोणी कोणाला लिहिले हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचे मोल कळत नाही. १६४८ मध्ये जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद करण्यात मालोजींचे वडील बाजी घोरपडे पुढे होते. १६६४ मध्ये महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजींना मारले. म्हणजे ज्याच्या बापाने आपल्या बापाला कैद केले आणि ज्याचा बाप आपल्या हातून मेला, त्याला महाराज घरचे वैर विसरण्याची विनंती करत होते. दख्खन हे एक घर आहे ही जाणीव इतक्या स्पष्ट शब्दांत त्यापूर्वी कोणत्या सुलतानाने मांडल्याचे दिसत नाही. ती मांडली शिलेदारांच्या कुळात जन्मलेल्या पुरुषाने, आणि हे साहजिकच होते. सुलतानाला आपला तट तेवढा ठाऊक असतो. चार दरबारांची चाकरी केलेल्या घराण्याला मात्र चारही तटांच्या आतली माणसे सारखीच आहेत, हे अनुभवाने कळलेले असते.

तथापि ही जाणीव कृतीत उतरवणे स्वतः महाराजांनाही सोपे गेले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलार्जित दौलतीच्या वाट्यावरून त्यांच्या आणि व्यंकोजीराजांच्या फौजांत लढाई झाली. जिंजीचा किल्ला महाराजांनी स्वतःकडे ठेवल्यामुळे कुत्बशहाही नाराज झाला. पुढे १६८६ मध्ये विजापूर पडले, आणि आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर १६८७ मध्ये आतून दरवाजा उघडला जाऊन गोवळकोंडा पडला. अखेरच्या कुत्बशहाला औरंगजेबाने दौलताबादेत कैदेत ठेवले. निजामशाहीच्या जुन्या राजधानीत कुत्बशाही संपली. ग्रीसमध्येही अथेन्स आणि थीब्ज शेवटी एकत्र आले ते इ. स. पूर्व ३३८ मध्ये, मॅसिडोनियाचा फिलिप दाराशी आल्यावर. तेव्हाही स्पार्टा घरी बसून होता, आणि कायरोनियाच्या रणात नगरांचे स्वातंत्र्य संपले.

यातून आपल्या पूर्वजांना दोष देत बसण्याचे कारण नाही. वैराने काही दिलेही. सामान्य कुळातल्या माणसाला त्याने घोड्यावर बसवले, पाटलाला सरदार केले, आणि देशी भाषेला दफ्तरात जागा मिळवून दिली. पण जे शिपायाला मोठे करते तेच राज्याला लहान ठेवते, ही त्याची किंमत होती. ती पुढेही चुकली नाही. लखुजी जाधवांच्याच कुळातले चंद्रसेन जाधव शाहूमहाराजांचा पक्ष सोडून पुढे निजाम-उल्-मुल्काकडे आले आणि त्यांना बीदरजवळ भालकीची जहागीर मिळाली. निंबाळकरांपैकी रावरंभा हेही हैदराबादचे सरदार झाले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज याच वाटेने, चाकरी एका दरबारची आणि वतन दुसऱ्या मुलखात अशा स्थितीत, मुसी नदीच्या काठी आले. दोन्ही बाजूंची भाषा कळणे आणि दोन्हीकडच्या माणसांना ओळखणे, ही त्या जगण्याची कमाई आपल्या घरांत अजून शिल्लक आहे.

डेल्फीचा तो सर्पस्तंभ रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला. आज तो इस्तंबूलच्या चौकात, सर्पांची शिरे तुटलेल्या स्थितीत उभा आहे. एकतीस नावांची यादी मात्र त्यावर आहे. दख्खनच्या शाह्यांनी तालिकोटनंतर असा एकही स्तंभ एकत्र उभारला नाही. त्यांची आठवण एका तोफेवर राहिली, आणि तिच्यावरचा शेवटचा लेख त्यांच्यापैकी कोणाचाच नाही.